आमची वाटचाल: हद्द चालून पाहिल्याशिवाय नकाशा नाही

२०१४ साली नागपुरात भाड्याच्या एका खोलीत दोन संगणक मांडून आम्ही सुरुवात केली. रस्त्यांचे, नळयोजनांचे नकाशे करून द्यायचे, एवढंच डोक्यात होतं. जंगलाकडे आम्हाला नेलं ते गडचिरोलीतल्या एका ग्रामसभेने.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल गावाने मिळून वापरायचा आणि सांभाळायचा हक्क, मिळाला. मग जिल्ह्यातली शेकडो गावं त्या वाटेने गेली. पण हक्काचा कागद हाती आला की खरं काम सुरू होतं. बांबू कुठला तोडायचा, किती तोडायचा, यंदा कुठल्या भागाला हात लावायचा नाही? हे ठरवायला आराखडा हवा आणि आराखड्याला नकाशा.

आमचा पहिला नकाशा चुकला. सभेत तो जमिनीवर पसरला, तेव्हा एक आजोबा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "आम्ही तर नाल्याच्या या काठाने चाललो. हद्द पल्याड कशी गेली?" हद्द जीपीएसने घेतलेली होती, नाला जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सरकारी छापील नकाशावरून, उतरवलेला. जुनी टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या चौकटीवर असते आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या चौकटीवर. ते रूपांतर आम्ही केलंच नव्हतं, त्यामुळे नाला जागचा सरकला होता. तो कागद तसाच पुढे गेला असता, तर दोन गावांत बांबूवरून तंटा लागला असता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून आमचा नियम एकच: आधी गावकऱ्यांबरोबर चालायचं, मगच संगणक उघडायचा. नाले, टेकड्या, पाणवठे यांची नावं गोंडीत जशी सांगतात तशीच लिहायची. काम क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरवर करतो. ते मोफत आहे, त्यामुळे उद्या आम्ही नसलो तरी गावाचं अडत नाही.

उपग्रहाचं चित्र फुकट मिळतं, पण ते वाचता यावं लागतं. सेंटिनेल-२ या उपग्रहाचं चित्र १० मीटरचं, म्हणजे त्यातला एक ठिपका जमिनीवर १० बाय १० मीटरचा. एप्रिलमधलं पाहिलं तर सागाची पानं गळालेली असतात आणि चांगलं जंगलही उजाड दिसतं. पावसाळ्यात ढग आड येतात. म्हणून आम्ही नोव्हेंबर-डिसेंबरचं चित्र घेतो आणि दरवर्षी त्याच महिन्याचं घेतो, तरच तुलनेला अर्थ राहतो. आणि मोठ्या झाडांखालचा बांबू त्यातही नीट कळत नाही. त्यासाठी जंगलात नमुन्याचे छोटे प्लॉट आखून बांबूचं एकेक बेट मोजावं लागतं: यंदाचे किती, गेल्या वर्षीचे किती, जुने किती. यंदाचा बांबू ओळखणं सोपं, अंगावर पांढुरकी भुकटी असते. वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) किती फुटले, हे बायका आमच्याआधी सांगतात. हे आकडे नकाशावर चढले की तीन वर्षांची पाळी ठरते. एक भाग तोडीला, दोन विश्रांतीला.

पैशाचं गणित मात्र अवघड आहे. ग्रामसभेचं उत्पन्न तेंदू आणि बांबूवर, त्यामुळे आमचं बिल हंगाम उरकल्यावरच निघतं. दोनदा पगारासाठी कर्ज काढलं. मोठ्या कंत्राटांकडे वळावं असंही वाटून गेलं, पण मन झालं नाही.

आज आम्ही सहाजण आहोत. काम संपलं की सगळा डेटा ग्रामसभेच्या हाती देतो, आमच्याकडची प्रत त्यांच्या परवानगीनेच ठेवतो. मागच्या हिवाळ्यात त्या पहिल्या गावात गेलो होतो. बारावी झालेली एक मुलगी लॅपटॉपवर तोडीचा नवा भाग रंगवत होती. मी काही सांगायला पुढे झालो, तर म्हणाली, "थांबा दादा, आधी वहीतले आकडे भरू द्या."