तुम्ही विचारलंत म्हणून : एवढा दांडगा मासा सकाळी कोपऱ्यात का बसतो?

ज्यांच्याकडे ऑस्कर, जॅग्वार किंवा फ्रंटोसा असा सिक्लिड कुळातला मोठा शिकारी मासा आहे, ते कधी ना कधी हे विचारतातच. "दिवसभर दादागिरी करतो, हात पाण्यात घातला तर चावायला येतो. पण सकाळी टँकचा लाइट लावला की ओंडक्यामागे जाऊन दडतो. रंग उतरलेला, खायला टाकलं तरी ढुंकून बघत नाही. आजारी आहे का हो?" विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा औषधाची बाटली असते, निदान डोक्यात तरी असतेच. म्हणून आधी एवढंच सांगतो, बाटली ठेवून द्या.

माशाला पापण्या नसतात. आपण उजेड डोळ्यांवर आला की मिटतो, कूस बदलतो. त्याला ती सोय नाही. शिवाय बहुतेक माशांच्या डोळ्यातली बाहुली आपल्यासारखी झटकन लहान होत नाही. उजेडाशी जुळवून घेण्याचं काम डोळ्याच्या आतल्या पडद्यावर चालतं. तिथे अंधारात उपयोगी पडणाऱ्या पेशी आणि उजेडात उपयोगी पडणाऱ्या पेशी आपली जागा बदलतात, गडद रंगद्रव्य पुढेमागे सरकतं. याला सहज अर्धा तास लागतो, कधी त्याहून जास्त. तोवर त्याला नीट दिसत नाही, आणि ज्याला दिसत नाही तो भिंत पाठीशी घेऊन बसतो. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता तो मूळचा जिथला, तिथली सकाळ बघा. ऑस्कर अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. संथ पाणी, बुडालेली झाडं, वर पानांचं छत, बऱ्याच ठिकाणी चहासारखं तांबूस पाणी. विषुववृत्ताजवळ उजाडायला फार वेळ लागत नाही हे खरं, पण वीसेक मिनिटं तरी जातातच. त्यानंतरही तिरपे किरण पाण्यावरून परावर्तित होतात, त्यामुळे पाण्याखाली बाहेरच्यापेक्षा उशिरा उजाडतं. आपल्याकडे मात्र सात वाजता बटण दाबलं की मिट्ट काळोखाची थेट भर दुपार. स्वस्तातल्या एलईडी पट्ट्यांना मंद-तेज करायची सोयही नसते.

कधी टँकचा लाइट लावायच्या आधी बॅटरीचा अगदी मंद झोत बाजूने टाकून बघा. ऑस्कर तळाशी किंचित कलंडलेला असतो, बऱ्याचदा हीटरला टेकून (म्हणूनच मोठ्या ऑस्करच्या टँकमध्ये हीटरला जाळी हवी, नाहीतर अंगावर चट्टे उठतात). पर मिटलेले, कल्ल्यांची झाकणं संथपणे उघडमीट करणारी. केशरी डाग विझल्यासारखे, अंग राखाडी. रात्रीचा हा रंग आजाराचा नव्हे. त्वचेतल्या रंगपेशींमधलं रंगद्रव्य अंधारात आकसतं आणि जाग आल्यावर हळूहळू पुन्हा पसरतं. लाइट लावल्यावर दोन मिनिटांत काढलेला फोटो मला पाठवून "हा पांढरा पडलाय" असं विचारू नका, एवढी विनंती. तासाभराने काढा.

शिकारी माशाला उजेडाची भीती कशाची, असं लोकांना वाटतं. मला उलट वाटतं, भीती त्यालाच जास्त असायला हवी. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण फ्रंटोसा. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला हा मासा. अंगावर निळ्या-काळ्या पट्ट्या, कपाळावर टेंगूळ. तो काठाजवळच्या उन्हात फारसा राहत नाही. दहा मीटरच्या खाली, पन्नास मीटरपर्यंतसुद्धा खडकाळ उतारावर कळपाने असतो. त्या खोलीवर लाल-पिवळा उजेड गळून गेलेला असतो, उरतो तो मंद निळसर. सिप्रिक्रोमिस नावाचे लहान, चपळ मासे दिवसा उघड्या पाण्यात थव्याने फिरत असतात. तेव्हा फ्रंटोसाने त्यांच्या मागे लागणं म्हणजे हसं करून घेणं. तो जडच आहे. पण रात्री तेच मासे खडकांजवळ येऊन विसावतात. मग पहाटे, अजून फटफटायचं असताना, फ्रंटोसा सावकाश त्यांच्यात शिरतो आणि पेंगुळलेले मासे एकेक करून उचलतो. धावपळ नाही, झटापट नाही. त्याचा सगळा संसार या अंधुक वेळेवर उभा आहे. अशा माशाला पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली ठेवून "हा बुजरा का" असं विचारणं म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला दुपारी बारा वाजता उठवून तो हसतमुख का नाही म्हणण्यासारखं आहे.

सगळे शिकारी अंधुक वेळेचे नसतात, हेही सांगायला हवं. पीकॉक बास भर उजेडात, डोळ्यांच्या जोरावर शिकार करतो आणि रात्री झोपतो. मलावी सरोवरातला निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी तर दिवसाढवळ्या वाळूवर मेल्याचं सोंग घेऊन पडतो आणि कुतूहलाने टोचायला आलेल्या लहानग्याला गिळतो. तुमच्याकडे तो असेल तर आडवा पडलेला दिसताच जाळी घेऊन धावू नका. पण हे दिवसपाळीवालेही अचानक पडलेल्या झोताला दचकतातच, कारण डोळ्याची घडण सारखीच.

आणि शिकारी झाला तरी तो कुणाचं तरी भक्ष्य असतोच. ऑस्करच्या शेपटीच्या बुडाशी केशरी कडं असलेला काळा ठिपका असतो, हुबेहूब डोळ्यासारखा. पर कुरतडणाऱ्या माशांना आणि पक्ष्यांना डोकं कुठलं, शेपटी कुठली ते कळू नये म्हणून तो असावा, असं मानतात. वरून येणाऱ्या चोचीची धास्ती तर मोठ्या माशालाही असते. म्हणूनच टँक गुडघ्याएवढ्या उंचीच्या स्टँडवर असेल आणि सकाळी तुम्ही वरून वाकून बघत असाल तर तो आणखी दबतो. टँक छातीच्या उंचीवर ठेवला की हाच मासा वेगळा वागतो. मागची आणि एखादी बाजू काळ्या कागदाने झाकली, तळाला पांढऱ्याऐवजी गडद वाळू घातली तरी फरक पडतो, कारण पांढरी वाळू उजेड खालूनही फेकते.

माझ्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी खिडकीचा पडदा. मग खोलीतली ट्यूब. अर्ध्या तासाने टँकचा लाइट. खाणं त्यानंतर, घाई न करता. रात्री उलट: आधी टँकचा लाइट बंद, खोलीतला चालू, मग आपलं आवरून झाल्यावर अंधार. रात्रीचं लोक विसरतात. पोहत असलेल्या फ्रंटोसावर एकदम काळोख पडला तर तो दचकून काचेवर आदळतो, आणि झाकण नसेल तर सकाळी जमिनीवर सापडतो. दिवसाला आठ-नऊ तास लाइट भरपूर झाला. रात्रभर लावून ठेवलेला निळा ‘मूनलाइट’ हा अंधार नव्हे. त्याने माशाला विश्रांती मिळत नाही.

टायमर जरूर लावा, पण तो चकतीचा असेल तर लक्षात ठेवा की वीज गेली की चकतीही थांबते. दर आठवड्याला देखभालीसाठी दोन-तीन तास वीज जाणाऱ्या गावात महिन्याभरात माशांची सकाळ दुपारवर जाते. मग "हल्ली उशिरापर्यंत झोपतो" अशी तक्रार येते.

आपल्याकडे फुकट मिळणारी एक गोष्ट म्हणजे देशी बदामाची वाळलेली पानं. मुंबई-ठाण्यात रस्तोरस्ती पडलेली असतात. रस्त्याकडेची धूळ-धूर खाल्लेली नकोत. बागेतली घ्या, धुऊन टाका. पाणी तांबूस होतं, उजेड मऊ होतो, ऑस्कर खुलतो. फ्रंटोसाला मात्र हे करू नका. त्याला जड, अल्कधर्मी पाणी लागतं; आमचं ठाण्याचं पाणी आधीच मऊ, त्यामुळे फिल्टरमध्ये कोरल चिप्स (पाणी जड करणारे पोवळ्याचे तुकडे) घालाव्या लागतात. तिथे पाणी आम्लाकडे नेणारी पानं घालणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं.

दुसरी युक्ती सोबत्यांची. अमेरिकेत बर्कलीला सिक्लिड माशांच्या वागणुकीचा अभ्यास करणारे जॉर्ज बार्लो यांनी 1968 साली हे लिहून ठेवलं: उघड्यावर निर्धास्त फिरणारे दुसरे मासे टँकमध्ये असले की घाबरट सिक्लिड बाहेर येतात. ते फिरताहेत म्हणजे धोका नाही, असा हिशेब. ऑस्करसोबत चांगले मोठे सिल्व्हर डॉलर (चपटे, चंदेरी मासे) ठेवले तर हे डोळ्यांनी दिसतं. मोठेच हवेत. तोंडात मावणारा सोबती हा सोबती नसतो.

खरा आजार कसा ओळखायचा? तासा-दोन तासांनीही तो बाहेर येत नसेल, दुपारीही खात नसेल, डोक्यावर खड्डे पडले असतील, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी असेल, तर पाणी तपासा, अमोनिया बघा, पाणी बदला. सकाळी सगळेच मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत असतील तर तो बुजरेपणा नव्हेच. वनस्पती किंवा शेवाळ भरपूर असलेल्या टँकमध्ये रात्री तीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. एअर पंप रात्री आवाज करतो म्हणून बंद करणाऱ्यांना हे हमखास दिसतं.

हे सगळं ऐकून काहीजण विचारतात, मग लाइट लावलाच नाही तर? चालेल. ऑस्करच्या टँकमध्ये झाडं टिकतच नाहीत, तो उपटून टाकतो, त्यामुळे झाडांसाठीही दिवा नको. खोलीत येणारा दिवसाचा उजेड त्याला पुरतो, फक्त थेट ऊन नको, नाहीतर एप्रिल-मेमध्ये पाणी तापेल आणि काच शेवाळाने हिरवी होईल. दुकानात फ्लॉवरहॉर्न नावाच्या माशावर लावलेला तो गुलाबी दिवासुद्धा गिऱ्हाईकाला लाल रंग दिसावा म्हणून असतो, माशाची त्यासाठी काही मागणी नसते. लाइट नसला तर संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांना मासा दिसायचा कसा, ही अडचण तुमची आहे, त्याची नाही.