शिराळ्याची लेक आणि लॅकेसिस

होमिओपॅथी शिकताना विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी भूल पडते ती लॅकेसिसची. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातल्या बुशमास्टर सापाचं हे विष. १८२८ मध्ये डॉ. कॉन्स्टंटाइन हेरिंग यांनी सुरीनाममध्ये ते दुग्धशर्करेत खलून औषध केलं आणि स्वतःला जे जाणवलं ते नोंदवलं. त्यातून आणि पुढच्या वैद्यांच्या अनुभवातून औषधाचं चित्र तयार झालं: गळ्याशी काहीही घट्ट सोसत नाही, झोपून उठलं की त्रास वाढतो, डावी बाजू जास्त दुखते, बोलणं थांबत नाही, मनात मत्सर, पाळी जाण्याच्या वयातल्या तक्रारी.

या चित्रावर पुढे पुराण चढलं. ग्रीकांच्या तीन दैवदेवतांपैकी क्लोथो आयुष्याचा धागा कातते, लॅकेसिस तो मोजते, अ‍ॅट्रोपॉस कापते. बेलाडोनाच्या वनस्पतीचं शास्त्रीय नाव अ‍ॅट्रोपा, तेही या तिसरीवरून. मानसशास्त्रज्ञ युंग यांच्या आदिबंधांच्या, म्हणजे सगळ्या माणसांच्या मनात खोल असलेल्या सामायिक प्रतिमांच्या, विचारातून औषधांकडे पाहणारे एडवर्ड व्हिटमाँट यांच्यासारखे डॉक्टर झाले आणि साप, सोनं, समुद्र ही प्रतीकं वाचत औषध समजून घ्यायची पद्धत रुजली. मला ती मनापासून आवडते. पण औषध दर पायरीला शंभरपट पातळ करत बाराव्या पायरीच्या, म्हणजे बाराव्या शतांश शक्तीच्या, पुढे गेलं की कुपीत मूळ द्रव्याचा रेणूही उरायची शक्यता जवळजवळ नसते. जिथे द्रव्यच उरत नाही तिथे गोष्टीचा भार फार वाढतो, असं मला नेहमी वाटत आलंय. म्हणून पुढची केस लिहितेय. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

श्रावण होता, नागपंचमी नुकतीच झालेली. मंगळवार पेठेतून एक बाई आल्या, पन्नाशीच्या आत-बाहेरच्या. बसायच्या आधीच बोलायला लागल्या. "बाई, गळ्यात मंगळसूत्र सुदिक सोसंना बघा. काढून डब्यात ठेवलंय, सासूबाई बोलत्यात. झोपून उठलो की छाती धडधड, अंगातनं वाफा. पाळी जायला आल्या, त्याचंच हाय म्हणत्यात सगळी." माझ्याकडे शिकायला येणारी इंटर्न शेजारी लिहून घेत होती. स्वप्नांबद्दल तिनंच विचारलं. "नागोबा येतो की स्वप्नात," बाई म्हणाल्या. "उंबऱ्यात बसतो. आत येत न्हाई, जात बी न्हाई."

इंटर्ननं माझ्याकडे पाहिलं. कागदाच्या कोपऱ्यात लॅकेसिस लिहून खाली दोन रेघाही मारल्या होत्या. मी तिला थांबवलं आणि बाईंना विचारलं, "मावशी, भीती वाटते का त्याची?"

"भ्या कशाचं? माझं म्हायेर बत्तीस शिराळ्याचं. नागोबा भाऊ हाय माझा."

सांगली जिल्ह्यातल्या या शिराळ्याची नागपंचमी आपल्या भागात कुणाला सांगायला नको. कायद्यानं आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानं जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या, पण नातं थांबलेलं नाही. पंचमीला बायका चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, नागाला भाऊ मानून पूजतात. इथे कोल्हापुरात तर अंबाबाईच्या मस्तकावरच नाग आहे. फसवणूक, दडपलेली वासना, विषारी जीभ असा युरोपातल्या पुस्तकांमधला साप या बाईंच्या स्वप्नात आलाच नव्हता.

मग उंबऱ्यात कोण बसलं होतं? ते त्यांनीच सांगितलं. भाऊ हक्कसोड पत्रावर सही मागत होता. वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हिस्सा महाराष्ट्रात १९९४ पासून आहे, २००५ पासून देशभर आहे, हे त्यांना मुलानं सांगितलेलं. सही केली तर मुलगा नाराज, नाही केली तर माहेर तुटलं. यंदा पंचमीला त्या शिराळ्याला गेल्याच नव्हत्या. हे सांगतानाच त्या पहिल्यांदा थांबल्या, नाहीतर बोलणं अखंड चाललेलं.

इंटर्न हुशार आहे. हळूच म्हणाली, "मॅडम, मग नाजा? नागाचंच विष, आणि धडधड पण आहे." हीच या वाचनाची ओढ. एक प्रतीक सुटलं की दुसरं तयार असतं, आणि तेही तितकंच चपखल बसतं.

मी उठून बाईंच्या मागे उभी राहिले, गळ्याला हात लावला आणि आवंढा गिळायला सांगितला. डावीकडे बोटांखाली गाठीसारखी सूज वर सरकली. हात पुढे करायला लावले, पसरलेल्या बोटांवर कागद ठेवला. तो थरथरत होता. नाडी बसल्या जागी शंभराच्या वर. भूक चांगली, तरी ब्लाउज सैल झालेले. लॅकेसिसच्या चित्रातली गळ्याची घुसमट, उष्मा, बडबड ही सगळी लक्षणं थायरॉइड जास्त काम करू लागला तरी दिसतात, आणि पन्नाशीच्या बाईत ती पाळीच्या नावावर सहज खपून जातात. अशी नाडी दुर्लक्षित राहिली तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. त्या दिवशी मी औषध दिलं नाही. थायरॉइडच्या रक्ततपासण्या लिहून दिल्या आणि फिजिशियनसाठी चिठ्ठी.

बाई नाराज झाल्या. साबुदाण्याच्या गोळ्यांसाठी आलेल्या माणसाला सुईची चिठ्ठी दिली की तसं होतंच. त्यांच्या मुलाला फोन करून मी नीट समजावलं. थायरॉइडला चालना देणारं टीएसएच जवळजवळ नाहीसं आणि थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक टी-४ वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड जास्तच काम करत होता. फिजिशियननी ईसीजी, सोनोग्राफी करून गोळ्या सुरू केल्या.

इंटर्नशी त्यानंतर बराच वाद झाला. ती म्हणाली, मग स्वप्न विचारायचंच कशाला? मी म्हटलं, विचारायचंच, आणखी खोदून विचारायचं. गळा तपासायला मला स्वप्न लागलं नाही, पण त्या बाईंची झोप कशानं उडाली होती ते स्वप्नाशिवाय कळलं नसतं. नागाचा अर्थ आधी शिराळ्याच्या लेकीकडून घ्यायचा, मग हेरिंगकडून. आणि दोघांच्याही आधी नाडी. तिला हे पूर्ण पटलेलं नाही. तिच्या मते आदिबंध सगळ्या माणसांत एकच असतो, गाव बदललं म्हणून बदलत नाही. या मुद्द्यावर आम्ही अजून भांडतो.

काही आठवड्यांनी बाई परत आल्या. धडधड कमी, वजन थोडं भरलेलं, मंगळसूत्र गळ्यात. इंटर्ननं स्वप्नाचं विचारलंच. "येतो की अजून," त्या म्हणाल्या. फिजिशियनच्या गोळ्यांनी त्याला काही फरक पडायचं कारणही नव्हतं. मी त्यांना तालुक्याच्या विधी सेवा समितीत मोफत सल्ला मिळतो ते सांगितलं. सही त्यांनी अजून केलेली नाही, आणि भावाचा फोन आला तर उचलतात.