वाक्य बदललं का?

आठवीत इंग्रजीच्या बाईंनी समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करायला बंदी केली. आम्ही खूश झालो, पालक मात्र काळजीत पडले, कारण त्या याद्यांवर परीक्षेत हमखास गुण मिळत. बाई म्हणायच्या, यादीतला शब्द वाक्यात बसवा आणि मग बघा, वाक्य बदललं का?

'रिफ्यूज' आणि 'डिनाय' ही जोडी मला अजून आठवते. पैसे 'रिफ्यूज' करणारा पैसे घेत नाही. पैसे घेतल्याचं 'डिनाय' करणाऱ्याच्या खिशात ते असूही शकतात! मराठीत दोन्हीकडे 'नाकारणे' चालतं, म्हणून आपण इथे हमखास अडखळतो. 'डाउट' आणि 'सस्पेक्ट' त्याहून अवघड. 'आय डाउट ही टुक इट' म्हणजे त्याने ते घेतलं असेल असं मला वाटत नाही. 'आय सस्पेक्ट ही टुक इट' म्हणजे त्यानेच घेतलं असावं. आपल्या लेखी दोन्हीकडे संशयच, पण इंग्रजीत पहिल्या वाक्यात तो माणूस सुटतो आणि दुसऱ्यात अडकतो.

काही ठिकाणी फरक अर्थाचा नसतोच, सोबतीचा असतो. पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग'. असं का, विचारलं तर बाई सरळ सांगायच्या, "रूढी आहे, कारण शोधू नका." नसलेला नियम त्यांनी कधी रचून सांगितला नाही, याचं मला आजही मोल वाटतं.

इतके जवळचे शब्द इंग्रजीत आले कुठून, हेही त्यांनीच सांगितलं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच आली. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून शब्द घेतले. म्हणून 'आस्क' हा जुना इंग्रजी, 'क्वेश्चन' फ्रेंच वाटेने आलेला आणि 'इंटरॉगेट' लॅटिनमधला. विचारणं तेच, पण मित्र 'आस्क' करतो आणि पोलीस 'इंटरॉगेट' करतात.

आज मी बातम्यांचा इंग्रजी मजकूर तपासतो. तिथे ही निवड शैलीपुरती राहत नाही. एखादा माणूस काही बोलला, एवढंच सांगायचं तर 'सेड' पुरतं. 'क्लेम्ड' लिहिलं की बातमीदाराचा त्याच्यावर विश्वास नाही असं सूचित होतं आणि 'अ‍ॅडमिटेड' लिहिलं की त्याने काही तरी लपवलं होतं असं वाचकाला वाटतं. 'किल्ड'च्या जागी 'मर्डर्ड' लिहिणं म्हणजे न्यायालयाआधी निकाल देणं. 'अक्यूज्ड' आणि 'कन्व्हिक्ट' यांच्यामध्ये अख्खा खटला उभा असतो. रोज रात्री घाईत हे शब्द बदलताना बाईंचा तोच प्रश्न मी स्वतःला विचारतो.

पीटर मार्क रोजे या डॉक्टरांचा अर्थानुसार लावलेला शब्दसंग्रह १८५२ साली निघाला. विसरलेला शब्द आठवायला तो फार उपयोगी, पण दोन शब्दांतला फरक तो सांगत नाही. संगणकात शब्दावर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या यादीचंही तेच. फरक कळतो तो शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशांतून, कारण त्यांत प्रत्येक अर्थाला वापरातलं वाक्य दिलेलं असतं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त असे कोश आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात ठेवावेत, ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात नव्हे, अशी माझी शाळेला विनंती आहे. आमच्या तुकडीतल्या काही जणांशी बोललो आहे. खर्चाचा वाटा आम्ही उचलू.