एकाच सभागृहातली अमेरिका

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा या लहानशा गावातल्या मुख्य रस्त्यावर एक चौक आहे आणि त्याच्या चारही कोपऱ्यांवर चार चर्चे उभी आहेत. एक प्रेसबिटेरियन, एक मेथडिस्ट, एक बॅप्टिस्ट आणि एक एपिस्कोपल. आजच्या इमारती बहुतेक नंतरच्या आहेत, पण त्यांच्यातली स्पर्धा जुनी आहे. "मावशी, मंडईत चार भाजीवाल्या समोरासमोर बसाव्यात तसं दिसतंय हे," असे भाची म्हणाली आणि मला हसू आले, कारण दोनशे वर्षांपूर्वी या भागात गिऱ्हाईक जवळजवळ तसेच पुकारून बोलावले जात होते. फरक इतकाच की विकायला मोक्ष होता.

मी कोल्हापूरच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले आणि गेल्या ऑक्टोबरात महिनाभर सिरॅक्यूजला भाचीकडे राहिले. पाहुण्यांना नायगारा दाखवायचा, ही तिकडची रीत आहे. मी मात्र तिच्याकडे एरी कालव्याचा पट्टा मागून घेतला. १८१७ साली खोदायला घेतलेला आणि १८२५ साली पूर्ण झालेला हा कालवा ऑल्बनीपासून बफेलोपर्यंत ३६३ मैल जातो. खेचरांनी ओढलेल्या होड्यांतून त्यावरून पिठाची पिंपे गेली, दारूची पिंपे गेली, आणि त्यांच्याबरोबर प्रवचनकार, नाटकवाले, दारूबंदीचे व्याख्याते आणि दक्षिणेतून पळालेले गुलामही गेले. धर्मजागृतीच्या वणव्यांनी हा मुलूख इतक्या वेळा पेटला की पुढे त्याला 'जळून गेलेला प्रदेश' असेच नाव पडले.

पाल्मायरात आम्ही ग्रँडिन यांचा छापखाना पाहिला. जोसेफ स्मिथ या शेतकऱ्याच्या मुलाला इतक्या पंथांपैकी खरा कोणता, हा प्रश्न पडला होता. देवदूताने दाखवलेल्या सुवर्णपत्रांवरून आपण नवा धर्मग्रंथ सांगितला, असे तो म्हणत असे, आणि तो ग्रंथ, म्हणजे 'बुक ऑफ मॉर्मन', १८३० च्या मार्चमध्ये इथे छापून झाला. प्रती पाच हजार आणि खर्च तीन हजार डॉलर, ज्यासाठी मार्टिन हॅरिस नावाच्या शेतकऱ्याने आपली जमीन गहाण टाकली आणि पुढे ती गमावली. मला सुवर्णपत्रांपेक्षा कागदात जास्त रस होता. माहिती देणाऱ्या मुलीने छापलेला एक मोठा ताव घडी घालून दाखवला, तेव्हा तो आपल्या छापखान्यातला सोळा पानी फर्माच निघाला. असे सदतीस फर्मे जुळले आणि मॉर्मन हा एक धर्म उभा राहिला. ती मुलगी स्वतः त्या धर्माची प्रचारक होती, त्यामुळे ही गोष्ट मी तिला या शब्दांत बोलून दाखवली नाही.

पाल्मायराच्या अलीकडे हाइड्सव्हिल लागते. तिथे आता एका झोपडीचा फक्त पाया उरला आहे. १८४८ च्या मार्चअखेरीस त्या घरातल्या केट आणि मॅगी फॉक्स या दोन बहिणींना भिंतीत टकटक ऐकू येऊ लागली आणि मेलेल्या माणसांशी ठोक्यांच्या खुणांनी बोलता येते, हा विश्वास तिथून देशभर पसरला. आपल्याकडच्या प्लँचेटच्या हौसेचे हे चुलत माहेर म्हणायला हरकत नाही. चाळीस वर्षांनी, १८८८ साली, मॅगीने न्यूयॉर्कच्या रंगमंचावर बूट काढून सांगितले की तो आवाज आम्ही पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढत होतो.

संध्याकाळी रॉचेस्टरला पोचलो. जेनेसी नदीच्या धबधब्यांवर पीठगिरण्या चालवून वाढलेले हे शहर. चार्ल्स फिनी हा वकिली सोडून प्रवचनकार झालेला माणूस १८३० च्या शरद ऋतूत इथे आला आणि सहा महिने राहिला. त्याच्या सभेत पुढे एक बाक मोकळे ठेवलेले असे. ज्याच्या जिवाला पापाची टोचणी लागली असेल, त्याने सगळ्यांदेखत उठून तिथे जाऊन बसायचे. मी त्याला व्याकुळांचे बाक म्हणते. कीर्तनात रडू येणे आपल्याला नवीन नाही, पण रडणाऱ्याला उठवून पुढे बसवण्याची, आणि त्यात गिरणीमालकापासून त्याच्या कामगारापर्यंत सगळ्यांना एका ओळीत आणण्याची युक्ती फिनीने गाजवली. ती निव्वळ रंगमंचाची युक्ती होती, आणि तरीही तिच्यातून खरी कामे झाली. माणूस जन्मतःच ठरलेला पापी नाही, तो ठरवले तर सुधारू शकतो, असे फिनी सांगत असे. तसे असेल तर समाजही सुधारू शकतो, हे पुढचे पाऊल श्रोत्यांनी टाकले.

पहिले पाऊल दारूवर पडले. त्या काळी पंधरा वर्षांवरचा अमेरिकन माणशी वर्षाला सुमारे २७ लिटर शुद्ध मद्यार्क पीत होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे, म्हणजे गिरणीतल्या कामगाराच्या दिवसात दारू पाण्याइतकीच सवयीची होती. फिनीचा शिष्य थिओडोर वेल्ड याने १८३० च्या शेवटच्या रात्री रॉचेस्टरमध्ये दारूविरुद्ध व्याख्यान दिले आणि ते ऐकून व्यापाऱ्यांनी आपली पिंपे रस्त्यावर आणून फोडली. हाच वेल्ड पुढे गुलामगिरीविरुद्धचा मोठा प्रचारक झाला. गुरूची मात्र गंमत आहे. न्यूयॉर्क शहरातल्या आपल्या चर्चमध्ये फिनीने गुलामांच्या मालकांना प्रभुभोजनाला बसू दिले नाही, पण काळ्या श्रोत्यांच्या जागा वेगळ्याच ठेवल्या.

या धर्मजागृतीची एक लाट आपल्यापर्यंतही आली होती. अमेरिकन मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये आल्या आणि १८३९ पासून अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षण त्यांच्याकडे झाल्याचे सांगितले जाते.

रॉचेस्टरमध्ये मी ज्या वास्तूच्या शोधात होते ती आता नाही. कोरिंथियन हॉल १८४९ साली बांधला गेला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला फॉक्स बहिणींच्या टकटकीचा पहिला जाहीर प्रयोग तिकीट लावून तिथेच झाला. पुढे १८५२ च्या ५ जुलैला त्याच सभागृहात गुलामगिरीतून निसटून वक्ते आणि संपादक झालेले फ्रेडरिक डग्लस उभे राहिले आणि गुलामाला तुमच्या स्वातंत्र्यदिनाशी काय देणेघेणे, असा प्रश्न त्यांनी समोरच्या गोऱ्या श्रोत्यांना विचारला. तारीख पाचवी होती, चौथी नव्हे. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी १८२७ च्या ४ जुलैला संपली, तेव्हाही इथल्या काळ्या लोकांनी आपला उत्सव दुसऱ्या दिवशी केला होता. भुतांचा खेळ आणि ते भाषण एकाच छताखाली, तीन वर्षांच्या आत झाले, आणि श्रोत्यांतली काही माणसेही तीच असणार, ही गोष्ट मी ग्रंथालयात बसून कितीदा वाचली असेल, पण त्या शहरातल्या फुटपाथवर उभी राहिले तेव्हा ती पहिल्यांदा नीट कळली.

श्रोते तेच असणार, असे मी म्हणते ते एमी आणि आयझॅक पोस्ट या, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातून आलेल्या दांपत्यामुळे. आयझॅक यांचे औषधांचे दुकान होते. कॅनडाकडे पळणाऱ्या गुलामांना त्यांच्या घरी आसरा मिळे. डग्लस त्यांचे मित्र. गुलामगिरीतून निसटलेल्या हॅरिएट जेकब्ज त्यांच्या घरी राहिल्या आणि एमीच्याच आग्रहाने त्यांनी आपली कहाणी लिहायला घेतली. याच घराने फॉक्स बहिणींनाही पाठीशी घातले. आयझॅक तर पुढे स्वतःच मृतात्म्यांचे निरोप लिहून काढू लागले. आपल्याला सुधारक म्हटला की तो अंधश्रद्धेच्या विरोधात असणार, असे वाटते. इथे ते गणित जुळत नाही. क्वेकर माणूस प्रत्येकाच्या अंतरात उजेड आहे असे मानतो, पाद्री मध्ये लागत नाही. मग तो उजेड काळ्या माणसात असेल, बाईत असेल, तर मेलेल्या माणसात का नसावा, असा त्यांचा सरळ हिशोब होता. मला तो पटत नाही, पण त्याला बावळटपणा म्हणण्याची आता माझी तयारी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माउंट होप दफनभूमीत गेलो. चढउतारांवर मेपलची लाल पाने पडली होती. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन अँथनी यांच्या लहानशा पांढऱ्या दगडापाशी, निवडणुकीच्या दिवशी बायका 'मी मत दिले' असे स्टिकर आणून लावतात. डग्लस यांच्या थडग्यापाशी कुणीतरी पेन ठेवले होते. तिथे मला जोतीरावांची 'गुलामगिरी' आठवली. १८७३ च्या त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जो निरपेक्ष त्याग केला त्याबद्दल. त्या ओळींतले लोक कोण, हे मी आयुष्यभर अंदाजानेच वाचत आले. त्यांतले एक इथे झोपले आहेत. पण हेही खरे की डग्लस यांच्या मुलीला, रोझेटाला, याच सुधारलेल्या शहरातल्या एका खासगी शाळेने १८४८ मध्ये गोऱ्या मुलींपासून वेगळे बसवले होते. बापाने वर्तमानपत्रातून भांडण मांडले. रॉचेस्टरच्या सार्वजनिक शाळांतला भेद जायला १८५७ साल उजाडले.

एमी पोस्टही याच दफनभूमीत आहेत. त्या बाजूला आम्हांला दुसरे कुणी भेटले नाही.

परतताना सेनेका फॉल्सला थांबलो. १८४८ च्या १९ आणि २० जुलैला इथल्या वेस्लियन चॅपेलमध्ये स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. गुलामगिरीच्या प्रश्नावर जुन्या मेथडिस्ट चर्चमधून फुटून निघालेल्या लोकांनी १८४३ साली ही वास्तू बांधली होती, म्हणूनच ती असल्या सभेला मिळाली. पुढे तिथे नाट्यगृह झाले, मोटारींचे दुकान झाले, कपडे धुण्याची यंत्रे बसली. आता ती राष्ट्रीय स्मारक आहे, पण मूळच्या विटा थोड्याच उरल्या आहेत. मी एका विटेवर तळवा ठेवला. ती खडबडीत आणि गार होती, कडेचा चुना बोटाला लागला. परिषदेच्या सकाळी दाराला कुलूप होते आणि परिषद भरवणाऱ्यांपैकी एक, एलिझाबेथ स्टँटन, यांच्या भाच्याला खिडकीतून आत उतरवून दार उघडावे लागले, ही हकीकत ऐकून भाचीला फार आनंद झाला.

परिषदेच्या जाहीरनाम्यावर १०० सह्या झाल्या, ६८ बायकांच्या आणि ३२ पुरुषांच्या. मताधिकाराचा ठराव बारगळेल अशी वेळ आली तेव्हा डग्लस त्याच्या बाजूने बोलले. अध्यक्षपदी मात्र परिषद भरवणाऱ्या दुसऱ्या बाई, ल्युक्रेशिया मॉट, यांचे पती जेम्स बसले, कारण पुरुषांसमोर बाई अध्यक्ष ही कल्पनाच सोसवणारी नव्हती. दोन आठवड्यांनी, २ ऑगस्टला, रॉचेस्टरच्या सभेत एमी पोस्ट आणि त्यांच्या मैत्रिणींनी ॲबिगेल बुश यांना अध्यक्ष केले, तेव्हा विरोध करणाऱ्यांत स्टँटन आणि मॉट याच होत्या. पहिल्या परिषदेचे स्मारक झाले. दुसरीला कुणी विचारत नाही.

परतीच्या वाटेवर माझे मन मात्र एका वेगळ्याच गोष्टीपाशी अडकले होते. या सगळ्या सभा चालू असताना देशातली सर्वांत लोकप्रिय करमणूक कोणती होती? गोऱ्या नटांनी जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासायची, ओठ मोठे रंगवायचे आणि गुलाम किती मूर्ख व किती सुखी आहे हे बँजोवर गाऊन दाखवायचे. टॉमस राइस याने १८३० च्या सुमारास 'जिम क्रो' नावाचे सोंग गाजवले. पुढे दक्षिणेतल्या वर्णभेदाच्या कायद्यांना हेच नाव मिळाले. १८४० नंतर अशा कंपन्यांचे पेव फुटले आणि त्यांतली एक नामांकित कंपनी याच कालव्याच्या टोकाला, बफेलोत, उभी राहिली. डग्लस आपल्या वर्तमानपत्रातून तिच्यासारख्यांवर अक्षरशः तुटून पडत. 'अंकल टॉम्स केबिन' ही गुलामगिरीविरुद्धची कादंबरी १८५२ मध्ये आली आणि अमेरिकेत वर्षभरात तीन लाख प्रती खपल्या. त्याच वर्षी कालव्याच्या दुसऱ्या टोकाजवळ ट्रॉय गावात तिचे नाटक शंभर प्रयोग चालले. त्यात गुलाम झालेले नट तेच, काजळी फासलेले गोरे. प्रेक्षक रडून घरी जात होते, आणि ज्यांच्यासाठी रडत होते त्यांना रंगमंचावर जागा नव्हती.

सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा उचलला, त्याचा मला अभिमान आहे, म्हणून मी सुधारकांनी करमणुकीचे हत्यार वापरण्याला सहसा नाक मुरडत नाही. पण जलशात उभे राहणारे लोक ज्यांचे दुःख सांगत, त्यांच्यातलेच होते. हा फरक लहान नाही.

न्यू हॅम्पशायरच्या हचिन्सन भावंडांचे गाणे मी भाचीला फोनवर लावायला सांगितले. गुलामगिरीविरुद्धच्या सभांतून ही भावंडे गात फिरत. मुक्तीची आगगाडी येते आहे, रुळावरून बाजूला व्हा, असे ते १८४४ सालचे गाणे. चाल जोरकस आहे. ते संपल्यावर मी तिला 'ओल्ड डॅन टकर' लावायला सांगितले. ते काजळीवाल्यांचे गाणे, एक वर्ष आधीपासून गाजत असलेले. चाल तीच. भावंडांनी ती तशीच उचलली होती.

"हे कोणतं? सुधारणेचं की चेष्टेचं?" भाचीने रस्त्यावरून नजर न हटवता विचारले. तिची बोटे स्टिअरिंगवर मघापासून ठेका धरून होती आणि गाणे बदलले तेव्हा तो चुकला नव्हता.