पाण्यात पाहणं

एखाद्याला ‘पाण्यात पाहणं’ म्हणजे काय, हे ज्याला साडू आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. दोन बहिणींचे नवरे सहसा भांडत नाहीत. भांडायला थोडी जवळीक लागते. ते नुसते मोजत असतात. माझे साडू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, चार बोटं उंच, आणि कुठलाही विषय काढा, तो त्यांनी माझ्याआधी वाचलेला असतो. त्यामुळे हिवाळ्याच्या सुट्टीत दोन्ही घरांनी मिळून गोठलेल्या धरणावर ट्राउट मासे धरायला जायचं, असा बेत त्यांनी मांडला तेव्हा मी ताबडतोब विरोध केला आणि ताबडतोब हरलो. मुलं आधीच फितूर झाली होती. बायको म्हणाली, “भावोजी एवढं म्हणताहेत तर जाऊ या की.” विषय संपला.

पोहोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. पारा उणे अकरावर. समोर जलाशय कसला, नुसतं पांढरं मैदान. पाण्यावर चालणं हे संतमंडळींचं काम, आम्ही प्रपंचातली माणसं. मी काठावरच बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधत बसलो, आणि ते काम किती वेळ पुरवता येईल तेवढा पुरवला.

साडू पहार घेऊन पुढे. चार पावलं टाकायची, पहार आपटायची, आवाज ऐकायचा, मग पुढची चार पावलं. एका ठोक्यात पहार आरपार गेली तर गुपचूप आल्या वाटेनं मागं फिरायचं. माणसाचं वजन पेलायला दहा सेंटिमीटर बर्फ पुरतो असं ते सांगत होते, पण तो काच असावी तसा स्वच्छ, काळसर बर्फ हवा. भिजलेला हिम पुन्हा गोठून जो पांढरट बर्फ होतो त्याच्या पोटात हवेचे बुडबुडे असतात, त्याची ताकद निम्मीच धरायची. दिसायला मात्र पांढराच जास्त भरवशाचा वाटतो. काळ्या बर्फावर उभं राहिलं की खाली थेट अंधार दिसतो, आणि जास्त भक्कम तोच असतो हे डोक्याला कळलं तरी पायांना कळत नाही.

त्यातून हे धरण. नैसर्गिक तळ्यात बर्फ पाण्यावर शांत पडून असतो. धरणातलं पाणी मात्र हिवाळाभर खालच्या दारांतून सोडलं जातं, पातळी उतरते, आणि काठाजवळच्या बर्फाखालचा आधार निघून जातो. तो वाकतो, तडकतो, काठाला समांतर भेगा पडतात. म्हणजे सगळ्यात धोक्याची जागा मध्यभागी नाही, पहिलं पाऊल टाकतो तिथेच. शिवाय ओढा जिथे येऊन मिळतो ती जागा आणि पाणी सोडायच्या दारांचा परिसर, दोन्ही वर्ज्य, कारण वाहतं पाणी बर्फ जाड होऊ देत नाही. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेल्या दोन लाकडी मुठी होत्या, प्रत्येकीला पुढे एक टोकदार खिळा. पाण्यात पडलात तर हे खिळे बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढायचं. सगळं कुटुंब ती माळ घालून एका रांगेत चाललं होतं, दोघांमध्ये पाच-पाच पावलांचं अंतर ठेवून. एवढी शिस्त आमच्या घरात मी त्याआधी पाहिली नव्हती.

जागा ठरली. आता भोक पाडायचं. सुताराकडे लाकडाला भोक पाडायचं गिरमिट असतं ना, त्याचाच हा राक्षसी अवतार: माझ्या छातीपर्यंत उंच, पात्याचा घेर वीतभर. वरची मूठ एका हाताने दाबून धरायची आणि मधला दांडा दुसऱ्या हाताने फिरवायचा. पहिल्या दहा फेऱ्यांत वाटतं, हे तर सोपं आहे. विसाव्या फेरीला कोट निघतो. भोकाच्या तोंडाशी बर्फाचा पांढरा कीस साचत जातो, आणि अचानक हाताला काही लागेनासं होतं. पातं खाली निसटतं आणि गुडगुड करत पाणी वर येतं.

ते पाणी कुठवर येतं हे बघण्यासारखं असतं. मला वाटलं होतं, खोल विहिरीसारखं कुठेतरी खाली चमकेल. तसं नाही. आमचा बर्फ चौतीस सेंटिमीटर जाड निघाला आणि पाणी वरच्या कडेपासून जेमतेम तीन सेंटिमीटरवर येऊन थांबलं. म्हणजे आम्ही सगळे, डबे-बादल्यांसकट, एका तरंगत्या वस्तूवर उभे होतो. बर्फाची घनता पाण्याच्या ०.९१७ पट, म्हणून तो नऊ-दशांशाहून जास्त बुडालेला असतो. हिमनगाचं गणित शाळेत पाठ केलं होतं. त्याच गणितावर आपण कधी बूट घालून उभे राहू असं तेव्हा वाटलं नव्हतं.

“तुम्ही झारा घ्या,” साडू म्हणाले.

इथे कामाची वाटणी सांगायला हवी. साडूंकडे गिरमिट आणि काठी. त्यांच्या थोरल्याकडे दुसरी काठी. आमच्या धाकटीकडे तिसरी. माझ्याकडे झारा. भोकात सतत बर्फाची पातळ साय धरते, ती काढत राहायची. नाही काढली तर दोरी तिच्यात चिकटते आणि माशाचा हलका ओढा काठीपर्यंत पोहोचतच नाही. काम महत्त्वाचं होतं, हे मला तीन वेळा सांगण्यात आलं. ज्या कामाचं महत्त्व तीनदा सांगावं लागतं ते काय योग्यतेचं असतं हे मला कळतं.

गळकाठी म्हणावं तर ही हातभरच लांब असते, कारण गळ लांब फेकायचा नसतोच, सरळ पायांपाशी सोडायचा. उलट्या बादलीवर बसायचं, काठीचं टोक दोन-चार बोटं उचलायचं आणि परत सोडायचं. खाली गळाला लावलेला चमकता शिशाचा थेंब नाचतो. मग थांबायचं. पुन्हा उचलायचं. दर थोड्या वेळाने काठीच्या कड्यांमध्ये बर्फ धरतो, तो चिमटीत धरून फोडायचा. बस्स. जो माणूस लिफ्ट यायला वेळ लागला तर बटण चारदा दाबतो (मी), त्याला हे जमेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

मला वाटत होतं मासे थंडीला घाबरून तळाशी जाऊन बसले असतील. ट्राउटचं तसं नाही. पाणी सगळ्यात जड चार अंशाला होतं, म्हणून हिवाळ्यात ते चार अंशाचं पाणी तळाला जातं आणि वर बर्फाखाली शून्याजवळचं राहतं. आपलं उन्हाळ्यातलं गणित बरोबर उलटं. तळ थोडा उबदार असला तरी तिथे कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात प्राणवायू खर्च होत असतो, आणि वरून झाकण लागलेलं असल्याने नवा मिळत नाही. ट्राउटला प्राणवायू भरपूर लागतो. म्हणून तो बरेचदा वर, बर्फाच्या खाली एक-दोन मीटरवर, काठाकाठाने हिंडत असतो. एका जागी ठरत नाही, फिरस्ता आहे. आपण त्याच्याकडे जाऊ शकत नाही. आपण भोक पाडून वाटेत बसायचं.

त्यातही हा इंद्रधनुषी ट्राउट. मूळचा प्रशांत महासागराच्या काठच्या नद्यांचा, पण आता अंडी उबवून, पिल्लं वाढवून जगभरच्या थंड जलाशयांत सोडला जातो. त्याला अंडी घालायला वाहतं पाणी आणि खडीचा तळ लागतो, जे साचलेल्या पाण्यात मिळत नाही. म्हणजे धरण माणसाने केलेलं, मासा माणसाने सोडलेला, आणि आता तोच माणूस बर्फावर बसून तो मासा मिळावा म्हणून कुडकुडतोय. हे मी बोलून दाखवलं तर साडू म्हणाले, “झारा.”

नऊच्या सुमारास ऊन वर आलं आणि बर्फ बोलला. आधी दूर कुठेतरी तार तुटावी तसा ‘प्यूं’ असा आवाज, मग तो आमच्या पायांखालून पलीकडे पळत गेला. मी उभा राहिलो. उभं राहून काय करणार होतो कुणास ठाऊक, वजन तेवढंच. साडूंनी मान वर न करता सांगितलं, की तापमान बदललं की बर्फ फुगतो-आकसतो आणि तडे जातात. तड्याच्या आवाजातले बारीक सूर बर्फातून जास्त वेगाने येतात आणि जाड सूर मागे पडतात, म्हणून तो असा घसरत आल्यासारखा ऐकू येतो. हे खरं असतं, मी नंतर पडताळून पाहिलं. खरंच होतं, याचं मला वाईट वाटलं.

पहिला मासा धाकटीला लागला. काठीचं टोक जरासं लवलं, डास बसल्यासारखं. ती ओरडली, साडू धावले, आणि त्या वीतभर भोकातून वीतभराहून लांब एक जिवंत वस्तू वर आली. अंगावर कानापासून शेपटीपर्यंत (माशाला कान नसतात हे मला माहीत आहे) गुलाबी पट्टा, पाठीवर आणि शेपटीवरसुद्धा काळे ठिपके.

“याला थंडी वाजत नाही?” तिनं विचारलं.

माशाचं अंग पाण्याइतकंच थंड असतं. उलट पाणी शून्याच्या वर आणि हवा उणे सात, म्हणजे त्याच्या दृष्टीने थंडी इथे वर होती. आणि खरोखरच, सोडायचा मासा असल्या हवेत वर धरून ठेवत नाहीत. कल्ले आणि डोळे बघता बघता गोठायला लागतात. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचं बुळबुळीत आवरण निघतं. बर्फावर तर ठेवायचाच नाही. फोटो काढायला मोबाइल शोधणाऱ्या माझ्या बायकोला साडूंनी हातानेच थांबवलं. धाकटीने हातमोजा काढला, हात भोकात बुडवला आणि त्या ओल्या हाताने गळ सोडवून मासा पाण्यातच उलटा फिरवला. तो क्षणभर तिथेच राहिला, तोंड खाली करून. मग नव्हता. तिची बोटं लालबुंद झाली होती आणि ती पुढचा अर्धा तास कुणाशी बोलली नाही.

दोघी बहिणी एव्हाना शेजारच्या भोकापाशी वाऱ्याला पाठ करून बसल्या होत्या आणि काठी तिसऱ्या बादलीला टेकवून दुसऱ्याच कुणाचं उणंदुणं काढत होत्या. त्यांना त्या दिवसात एकही मासा लागला नाही. त्यांना काही फरकही पडला नाही.

मला काठी मिळाली ती दुपारी, थोरला कंटाळल्यावर. आणि लागला. मोठा होता. मोठाच होता, कारण दोरी करकरली. वर येत येत तो भोकाच्या खालच्या तोंडाशी आला, मला पाण्यात चंदेरी कूस दिसली, आणि त्याने डोकं वळवलं. बर्फाची खालची कड सुरीसारखी धारदार असते. दोरी तिला घासली आणि माझ्या हातात हलकी, रिकामी काठी राहिली.

साडू काहीच बोलले नाहीत. हे जास्त लागलं.

मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. माझ्या काठीला नवा गळ बांधून दिला, तो पाण्यात सोडला, आणि बर्फावर सतरंजी टाकून चक्क पालथे झोपले. डोकं भोकावर, डोक्यावर कोट, म्हणजे वरचा उजेड बंद. आतून आवाज आला, “या. इकडून या.”

मी आडवा झालो आणि कोटाखाली डोकं घातलं. डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. मग भोक हळूहळू खिडकी होतं. बर्फातून झिरपणारा हिरवट उजेड, खाली दगड दिसतात, एका ठिकाणी बुडलेल्या कुंपणाचा खांब, आणि मधोमध लोंबणारा माझा गळ, हास्यास्पद दिसणारा. आमचे दोघांचे कान एकमेकांना लागले होते. बारा वर्षांच्या नात्यात ही पहिलीच वेळ.

“आला,” ते कुजबुजले.

डावीकडून आला. घाई नाही. गळापाशी थांबला, कल्ले दोनदा उघडले-मिटले. माझा हात काठीवर, श्वास बंद. त्याने गळाला एक प्रदक्षिणा घातली आणि उजवीकडे निघून गेला.

“बघितलंत?” साडू कोटाच्या अंधारात म्हणाले. “तुमच्या आमिषाला ढुंकूनसुद्धा विचारलं नाही त्यानं.”

“आमिष तुम्ही लावलंय,” मी म्हटलं.

बाहेरून धाकटी माझा बूट ओढत होती. तिचा नंबर होता.