पायपुसण्याचा मोह

आमच्या कुत्रीच्या पिल्लाला, बुंदीला, पायपुसणं दिसलं की शू येते. घरभर फरशी मोकळी, बाल्कनीत तिच्यासाठी खास पेपर अंथरलेला. पण बाईसाहेब शोधून शोधून बाथरूमच्या दारातल्या मऊ पायपुसण्यावरच बसणार. सासूबाईंच्या मते हा निव्वळ आगाऊपणा. "अगं, मुद्दाम करते ती. बघ कशी माझ्याकडे बघत बसते!"

मला मात्र बुंदीची बाजू पटते. कुत्र्याच्या पिल्लाला जन्मल्यावर स्वतःहून शूसुद्धा करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते, आणि सगळं साफही आईच करते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाय चालायला लागले की पिल्लू झोपायच्या जागेपासून जरा लांब जाऊन उरकतं. म्हणजे अंथरूण घाण करायचं नाही, एवढं शिक्षण घेऊनच ते आपल्याकडे येतं. पुढे साधारण आठ-नऊ आठवड्यांचं होईपर्यंत तळव्यांना कशाची सवय लागते, ते पक्कं बसायला लागतं: गवत, माती, कागद, कापड. टाइल्सच्या फ्लॅटमध्ये गवताच्या जवळपास जाणारं पायपुसण्याशिवाय दुसरं आहे काय?

लशी पूर्ण होईपर्यंत खाली न्यायचं नाही, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराची भीती असते, असं डॉक्टरांनी बजावलंय. तेव्हा सध्या बाल्कनी हेच मैदान. पायपुसणी कपाटावर चढली आहेत आणि माणसं ओल्या पायांनी हिंडतायत. बुंदी झोपून उठली, जेवली, खेळून दमली की उचलायची आणि पेपरवर ठेवायची. झाली रे झाली की तिथल्या तिथे उकडलेल्या चिकनचा तुकडा. तो आणायला आत गेलात तर तिला वाटणार, बक्षीस स्वयंपाकघरात आल्याबद्दल आहे. त्यामुळे हल्ली माझ्या गाऊनच्या खिशात चिकन असतं.

"एक फटका द्या, सुतासारखी सरळ होईल," असं शेजारचे काका सांगून गेले. फटका खाल्लेलं पिल्लू एवढंच शिकतं की माणसांच्या देखत करायची नाही. मग ते सोफ्यामागे जातं, आणि आपल्याला वासावरून माग काढावा लागतो. वासाचं म्हणाल तर फिनेल फक्त आपल्या नाकाला फसवतं. बुंदीला खालचा वास येतच राहतो आणि ती त्याच जागी परत येते. एन्झाइमवालं लिक्विड महाग पडतं, पण ते वासाचं मूळच मोडतं.

आता सासूबाईही तरबेज झाल्यात. नाक जमिनीला लावून बुंदीने एक गिरकी घेतली की आतून हाक येते, "अगं उचल, फिरायला लागली!" तंटा उरलाय तो फक्त पेपरचा. रविवारची पुरवणी शब्दकोडं सुटल्याशिवाय अंथरायची नाही, असा त्यांचा हुकूम आहे. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर दोनेक तास दम धरतं. तेवढ्यात सासूबाईंचे उभे शब्दही होत नाहीत.