रद्दीची टोपली: नळी नीट, तर वीण नीट

वर्तमानपत्राच्या नळ्यांची टोपली वाकडी झाली की दोष विणणाऱ्या हाताला दिला जातो. बहुतेक वेळा खोट नळीतच असते.

कागद साधा, खरखरीत वर्तमानपत्री घ्या. गुळगुळीत पुरवण्यांचे कागद बाजूला ठेवा, त्यांची गुंडाळी सुटते. मोठ्या आकाराचं पान वरून खाली सरळ फाटतं आणि आडवं वेडंवाकडं, कारण कागदाचे तंतू रकान्यांच्या दिशेने असतात. पट्ट्याही त्याच दिशेने कापा, 8 सेंमी रुंद. तंतू लांबीत असले की पट्टी घट्ट गुंडाळली जाते आणि नळीला ताठपणा येतो.

गुंडाळायला सायकलचा जुना स्पोक उत्तम, नाहीतर विणकामाची अडीच मिलिमीटरची सुई. पट्टी आडवी ठेवा, स्पोक एका कोपऱ्यावर लांब कडेशी साधारण 30 अंशांत धरा आणि गुंडाळत जा. शेवटी एकच कोपरा उरतो, तिथे फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या डिंकाचा ठिपका पुरतो. कोन फार कमी ठेवला तर कड नळीला जवळजवळ समांतर राहते आणि एका ठिपक्याने भागत नाही, विणताना शिवण उघडते. कोन 45 अंशांवर गेला तर नळी आखूड, जाड आणि हट्टी होते. एक टोक घट्ट, दुसरं किंचित सैल राहू द्या. जोड देताना बारीक टोकाला डिंक लावून ते सैल टोकात 2 सेंमी सरकवायचं असतं. दोन्ही टोकं सारखीच घट्ट झाली की जोड बसतच नाही.

20 सेंमी व्यासाच्या आणि 12 सेंमी उंचीच्या टोपलीसाठी 80 नळ्या हाताशी ठेवा. तळासाठी खोक्याच्या पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा. एकीच्या पन्हळी दुसरीच्या पन्हळींना काटकोनात आल्या पाहिजेत, नाहीतर तळ वाळताना पिळतो. दोन्हींच्या मध्ये 25 उभ्या नळ्या, टोकं 3 सेंमी आत, अडीच-अडीच सेंमी अंतरावर चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. आकडा विषमच हवा. एकाच नळीने एक आत, एक बाहेर असं विणताना सम आकड्यावर दुसरी फेरी पहिलीच्याच वाटेने जाते आणि वीण धरत नाही.

विणायच्या नळ्यांवर पाण्याचा हलका फवारा मारून 10-15 मिनिटं पिशवीत गुंडाळून ठेवा. कोरडी नळी वळणावर तुटते, भिजलेलीचे पदर सुटतात. उभ्या नळ्या मात्र कोरड्याच राहू द्या.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे वर जाताना टोपली आत येणं. विणणारी नळी ओढून घेतली की उभ्या नळ्या आत झुकतात. म्हणून आत त्याच मापाचा डबा ठेवून विणा. प्रत्येक फेरी बोटाने खाली दाबा, आडवी ओढू नका. झुकाव दिसला तर तिथवर उसवणंच बरं, वरच्या फेऱ्यांनी तो झाकला जात नाही. नळ्यांचे जोड आतल्या बाजूला, उभ्या नळीच्या मागे लपवा. शेवटी प्रत्येक उभी नळी ओलसर करून शेजारच्या दोन नळ्यांमागून आडवी न्या आणि टोक विणीत खोचा.

रंगाची घाई नको. वर्तमानपत्राची शाई कागदात मुरते, पण पूर्ण वाळत नाही, म्हणून हात काळे होतात. फिका रंग थेट दिला तर तोही मळकट दिसतो. डिंक आणि पाणी सम प्रमाणात मिसळून दोन पातळ हात द्या, दोन हातांमध्ये पूर्ण वाळू द्या. मग अॅक्रिलिक, त्यावर व्हार्निश. जाड थर एकदम दिला तर नळ्या फुगतात आणि फटी दिसू लागतात.

व्हार्निशने टोपली पुसण्याजोगी होते, धुण्याजोगी नाही. न्हाणीघरात ठेवू नका, आणि उघडा खाद्यपदार्थ तर मुळीच नको. लोकरीचे गुंडे, चार्जर, चाव्या यांना चालते.